डिकीतला फणस

बाई गाडी मागे घेत नसत.

त्यांना येत नव्हतं की त्यांना घ्यायची नव्हती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मुलुंडमध्ये तेव्हा गाड्या मोजक्याच होत्या, आणि बाईमाणूस चालवतंय अशी ती एकच. काळी, जुनी, विलायती. गल्लीत शिरायचं झालं की बाई आधी मला खाली उतरवायच्या आणि पलीकडून वाट निघते का ते बघून यायला सांगायच्या. निघत नसली तर गाडी तोंडाशीच ठेवून चालत जायच्या. एकदा मी न बघताच वाट निघते म्हणून सांगितलं आणि पुढे म्हशींचा गोठा आला. दुसरं कुणी असतं तर गाडी मागे घेतली असती. बाईंनी हॉर्न वाजवून सहा माणसं गोळा केली आणि गाडीचा मागचा भाग उचलून फिरवायला लावला. स्वतः आत बसून राहिल्या. उचलणाऱ्यांतला एकजण म्हणाला, "बाई, निदान तुम्ही तरी उतरा."

"माझं वजन एक मण," बाई म्हणाल्या. "तेवढ्यानं अडत असेल तर तू घरी जा, दुसरा बोलावते."

लोकांच्या समजुतींना हसणारी बाई. पण बाळंतिणीकडे जाताना मागे फिरायचं नाही, अशी त्यांची स्वतःचीच एक समजूत असावी असं मला वाटे. मी तसं कधी बोलले नाही. मला नोकरी हवी होती.

ही गोष्ट सन पंचावन्नच्या आसपासची. बाई डॉक्टर होत्या. एका बंगल्याच्या पुढच्या तीन खोल्यांत त्यांचा दवाखाना होता, त्यातल्या एकीत बाळंतिणींसाठी दोन खाटा. पण बहुतेक बायका घरीच बाळंत व्हायच्या, त्यामुळे बाईंचा अर्धा दिवस गाडीत जाई. मुलुंड, भांडुप, कधी पार कांजूरपर्यंत. पन्नाशीच्या होत्या, लग्न केलेलं नव्हतं. उंचीला पाच फूटसुद्धा नव्हत्या. गाडी चालवताना खाली गोणपाटाची उशी घ्यायच्या, तरी समोरून बघणाऱ्याला गाडी आपोआप चाललीय असं वाटे. पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट, मनगटावर पुरुषी घड्याळ, तेही काटे आतल्या बाजूला. चहा प्यायच्या तो औषध मोजायच्या काचेच्या पेल्यातून, रेघ बघून. रेघेच्या वर भरला तर परत ओतायला लावायच्या.

मी चौथी शिकलेली. मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं घराबाहेर काढलं, ती आईकडे आले. बाईंनी मला फरशी पुसायला ठेवलं. आमच्या चाळीतल्या एकीला ते खुपलं. ती मुद्दाम दवाखान्यात जाऊन बाईंना म्हणाली, "जिला पोर नाही ती बाळंतपणाच्या कामावर कशी चालते?"

बाई म्हणाल्या, "पोर मलाही नाही. बंद करू दवाखाना?"

त्या चांगल्या होत्या असं मी म्हणणार नाही. तोंडानं फटकळ, आणि कुणाचं दुःख ऐकून घ्यायला त्यांना वेळ नसे. एखादी रडायला लागली की घड्याळ बघायच्या. पण मला फरशीवरून त्यांनीच उठवलं. हत्यारं उकळायला शिकवली, कपड्यात गुंडाळायला शिकवलं. औषधांच्या बाटल्यांवरचं इंग्रजी मला वाचता येत नसे, मी ती नावं चित्रासारखी ओळखायची. बाई म्हणायच्या, "वाचता येणाऱ्यापेक्षा तुझं बरं. वाचणारा अर्धं वाचतो."

नवऱ्यांच्या बाबतीत त्यांचा एक नेम होता. बायको आत कळा देतेय आणि नवरा दारात येरझाऱ्या घालतोय, हे त्यांना खपत नसे. आत जाता जाता घरातल्या कुणाला तरी सांगायच्या, "ह्याला तांदूळ दे." मग नवऱ्यापुढे ताट, ताटात तांदूळ, आणि खडे काढत बसायचं. मोठ्या कचेरीतला एक कारकून होता, त्यानं पहाटेपासून दुपारपर्यंत घरातला सगळा तांदूळ निवडला आणि मग डाळीला हात घातला. मूल झालं की बाई बाहेर येऊन आधी ताट बघायच्या. एखादा खडा दिसला तर त्याच्या हातावर ठेवायच्या आणि मग सांगायच्या, मुलगा की मुलगी.

दुसरा नेम असा, की फीशिवाय काही घ्यायचं नाही. नारळ नाही, पेढे नाहीत, खाडीवरच्या कोळणी पापलेटं घेऊन यायच्या तीही परत. "फी घेतली की संपलं," त्या म्हणायच्या. "केळी घेतली की संपत नाही. मग त्या घरातली मांजर व्याली तरी बोलावतात." लोकांना राग येई. देणाऱ्याचा हात मागे लोटला की त्याला तो अपमान वाटतो. बाईंना त्याचं काही नव्हतं.

आणि तिसरा नेम बॅगेचा. मोठी कातड्याची बॅग, तिच्यात चिमटे, सुया, इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या, टाके घालायचं सामान. ती बॅग बाई कधी हातात घेऊन घरात शिरत नसत. खांद्याला एक कापडी पिशवी अडकवायच्या, तिच्यात साबण, कात्री, दोरा आणि तपासायची नळी. बॅग गाडीच्या डिकीत बंद. "बॅग दिसली की घरातल्या म्हाताऱ्या रडायला लागतात," त्यांचं म्हणणं, "त्यांचं रडं ऐकून बाळंतीण घाबरते. दहातल्या नऊजणींना बॅग लागतच नाही." दहावीला लागली की त्या मला नुसतं "बॅग" म्हणायच्या आणि मी धावत सुटायचे. डिकीची किल्ली माझ्या कमरेला. बॅग तयार ठेवायची मी, आणायची मी. डिकीत बॅग सोडून एक चिंधीसुद्धा ठेवायची नाही, असं पहिल्याच दिवशी बजावलेलं. माझ्या आधीच्या बाईनं तिथे भाजीची पिशवी ठेवली म्हणून तिला घरी बसवलं होतं.

आता फणसाचं सांगते.

वैशाख होता. माझी आई महिनाभर तापानं पडून उठली होती. तोंडाला चव नाही, काही घशाखाली उतरेना. फक्त म्हणायची, फणसाचा गरा मिळाला तर खाईन. आम्हाला कुठला मिळायला. त्या दिवशी सकाळी बाई मुलुंडच्या डोंगराकडच्या एका वाडीत दहा दिवसांचं मूल बघायला गेल्या होत्या. बाई पुढे हात धूत होत्या, तेवढ्यात त्या घरच्या आजीनं मला मागच्या दारी बोलावलं. हातात भला थोरला फणस. "तुझी बाई घेणार नाही, तू घे. तिला सांगू नको."

मी घेतला. लगेच घेतला, नाही म्हणायचं मनातसुद्धा आलं नाही.

सीटवर ठेवला असता तर बाईंनी पाहिला असता. म्हणून डिकी उघडली, बॅग एका बाजूला सरकवली आणि फणस आत कोंबला. आडवा बसेना. उभा ठेवला तर झाकण टेकेना. मग मी दोन्ही हातांनी आणि छातीनं झाकणावर सगळा भार टाकला, तसं एकदाचं खट्ट करून लागलं. पदराला हात पुसले आणि पुढे जाऊन बसले. मनात म्हटलं, दुपारी दवाखान्यात पोचलो की बाई जेवायला बसतील तेव्हा काढून घरी नेईन.

दवाखान्यात पोचलोच नाही. वाटेतच सायकलवरचा एकजण आडवा आला. भांडुपला एक बाई रात्रीपासून अडली होती. बाईंनी त्याला पुढे घातलं आणि गाडी त्याच्या मागोमाग घेतली.

भांडुपला रस्त्यापासून आत कौलारू बैठी चाळ होती. माणसं सगळी मालवणकडची, पुरुष गिरणीत नाहीतर कारखान्यात. बाळंतीण पहिलटकरीण, विशीतली. तिची सासू मोठी आडवीतिडवी बाई, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. नवरा गिरणीतली पाळी सोडून आला होता. बाईंनी आत जाता जाता सांगितलं, "ह्याला तांदूळ दे," आणि तो बिचारा ताट घेऊन ओट्यावर बसला.

आत बाईंनी तपासलं. बराच वेळ तपासलं. मग उठून माझ्याजवळ आल्या आणि हळू म्हणाल्या, "मूल अडकलंय. तिच्यात आता जोर राहिलेला नाही. इथून हलवायची वेळ गेली. चिमटा लावावा लागेल. बॅग."

मी धावले. किल्ली लावली, वळवली. किल्ली वळली, पण झाकण उघडेना. परत वळवली. आतला खटका हलतच नव्हता. मी झाकण ओढलं, थोपटलं, लाथ घातली. काही नाही.

मला कळलं काय झालंय ते. फणस आतून झाकणाला वर रेटत होता आणि खटका त्या ताणात धरून बसला होता. झाकण खाली दाबलं असतं तर सुटला असता. मी एका हातानं दाबून दुसऱ्या हातानं किल्ली फिरवून पाहिली. पण लावताना मी दोन्ही हातांनी सगळा भार टाकला होता, तो एका हातानं कुठून येणार? दोनतीन माणसं वर दाबायला हवी होती. आणि ती का हवीत, ते सांगायला हवं होतं.

मी सांगितलं नाही.

एवढ्यात घरातून सासू बाहेर आली. तिचं आतमध्ये वेगळंच चाललं होतं. त्यांच्याकडे अशी रीत, की बाई अडली म्हणजे घरातलं बंद असलेलं सगळं उघडायचं. आम्ही आल्यापासून तिनं तेच लावलं होतं. "सगळी कुलपां काढा. ट्रंका उघडा. डब्यांची झाकणां काढा." सुनेचा अंबाडा सोडला, पोलक्याच्या गाठी सोडल्या. मग शेजारणींनी आपापल्या घरातली कुलपं काढली. पिठाचे डबे, लोणच्याच्या बरण्या, मिठाची मडकी, सगळी उघडी. एकीनं कपडे वाळत घातलेल्या दोरीची गाठ सोडली, तर साऱ्या चाळीची धुणी मातीत पडली आणि त्यावरून भांडण लागलं. बकरीसुद्धा दाव्यातून सोडली होती, ती लोणच्याच्या बरणीत तोंड घालत फिरत होती.

बाईंनी हे सगळं बघितलं होतं आणि काही बोलल्या नव्हत्या. त्यांचं मत असं, की माणसांचे हात गुंतलेले असलेले बरे.

सासूची नजर आता गाडीकडे गेली. तिनं मला किल्लीशी झटताना पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला.

"ह्या कुलूप उघडणा नाय?"

"नाही," मी म्हटलं.

"आमच्या दारात बंद कुलूप," ती म्हणाली. आवाज एकदम बारीक झाला तिचा. "सगळ्या चाळीचा उघडला, आणि ह्या दारात बंद. म्हणान माझी सून अडली."

झालं. सगळी चाळ गाडीभोवती जमली. बाईंना बॅगेसाठी डिकी उघडायला हवी होती आणि ह्यांना कुलपासाठी. किल्ली माझ्या हातातून काढून घेतली. एकानं फिरवली, दुसऱ्यानं फिरवली, तिसऱ्यानं तेल घालून फिरवली. दोघांनी झाकणाच्या कडेत बोटं घालून वर ओढलं. जितकं ओढत तितका खटका घट्ट होत होता, हे मला दिसत होतं.

मी म्हटलं, "वर ओढू नका. खाली दाबून बघा."

एक म्हातारा होता, तो हसला. "गो, दाबलास तर बंद होतला. उघडूचा हा मा?"

"दाबा तरी."

"कित्याक?"

ह्या कित्याकला मला उत्तर देता येईना. बाजूला हो, मध्ये येऊ नको, असं म्हणून त्यांनी मला मागे सारलं. आतून बाईंची दोनदा हाक आली, कुलूप अडकलंय एवढंच मी ओरडून सांगितलं. बाईमाणूस, तेही गाडीतून आलेलं, मोलकरणीच्या लुगड्यातलं. कोण ऐकणार?

ऊन डोक्यावर होतं. गाडीचा पत्रा तापलेला. आणि मग तो वास सुटला. आधी बारीक, मग चांगलाच घमघमाट. ओढणारे थांबले आणि नाकानं हुंगायला लागले.

"खयतरी फणस पिकलो हा," एकजण म्हणाला.

"हय फणसाचा झाडच नाय," दुसरा म्हणाला.

"अरे पण वास येतासा."

मी जमिनीकडे बघत उभी होते. आतून त्या पोरीचा आवाज येत होता. मघाशी ती ओरडत होती. आता ओरडत नव्हती, नुसती कण्हत होती, आणि दोन कण्हण्यांमधलं अंतर वाढत चाललं होतं. इतकी बाळंतपणं पाहिल्यावर त्याचा अर्थ मला कळत होता. तरी मी गप्प राहिले. खोटं कशाला सांगू, माझ्या डोक्यात ती पोर नव्हती. माझ्या डोक्यात आई होती, बंद झालेली नोकरी होती, आणि चाळीतली ती शेजारीण होती, जी म्हणणार होती, मी सांगितलंच होतं. कुणीतरी ओढेल, उघडेल, गडबडीत फणसाकडे कोण बघणार, अशी मी वाट बघत होते. असा अर्धा तास तरी गेला.

नवरा ताट बाजूला ठेवून उठला. "मी पहार हाडतंय," म्हणाला, आणि कुठूनशी लोखंडी पहार घेऊन आला. ती त्यानं कुलपावर नाही, झाकणाच्या बरोबर मधोमध रोखली. डोळे लाल झाले होते त्याचे. पत्रा फोडून काढायचा त्याचा विचार होता. खाली फणसाला लागूनच बॅग होती. बॅगेत काचेच्या कुप्या होत्या, उकळून गुंडाळलेल्या सुया होत्या. पहार आत गेली असती तर झाकण उघडलं असतं आणि बॅगेचा चुरा झाला असता.

तेव्हा बाई दारात आल्या. कोपरापर्यंत हात ओले, चेहऱ्यावर घाम. त्यांनी पहार पाहिली, मला पाहिलं. ओरडल्या नाहीत.

"बॅग?"

मी म्हटलं, "बाई, आत फणस आहे."

सगळे माझ्याकडे वळले. पहार खाली आली.

"केवढा?" बाईंनी विचारलं.

"मोठा."

"झाकण दाबून लावलंस?"

"हो."

बाई त्या गर्दीला म्हणाल्या, "मग वर काय ओढताय गाढवांनो. बसा त्याच्यावर." आणि आत निघून गेल्या.

पहिली सासू बसली. कुणाची वाट पाहिली नाही. नऊवारीचा काष्टा सावरून मागे झाली आणि तापलेल्या पत्र्यावर आपलं सगळं अंग टाकलं. गाडी मागून चांगली वीतभर खाली गेली. शेजारी तो हसणारा म्हातारा बसला, एका बाजूनं नवऱ्यानं दाबलं. मी किल्ली फिरवली. खट्ट झालं. इतका बारीक आवाज, पण सगळ्यांनी ऐकला.

"उठा," मी म्हटलं.

ते उठले तसं झाकण आपोआप वर आलं आणि फणस दिसला, पिकून उललेला. त्याच्या मागून मी बॅग ओढली आणि धावत सुटले.

आतलं फार सांगत नाही. बाईंनी चिमटा लावला. मी त्या पोरीचे खांदे धरले होते. बाई फक्त शेवटी "आता" म्हणाल्या. मूल आलं ते निळं. रडेना. बाईंनी त्याचं तोंड बोटानं साफ केलं, पायाला धरून उलटं केलं, पाठीवर चापट्या दिल्या. एक, दोन. मी मोजायचं सोडून दिलं. मग ते शिंकल्यासारखं काहीतरी झालं आणि एकदम कोकरासारखं ओरडलं. बाहेर सारी चाळ दाराशी गोळा झाली. मी तिथेच भिंतीला टेकून बसले. बाळंतिणीला टाके घालायचे होते, रक्त थांबवायचं होतं, ते सगळं झालं. तासाभरानं तिनं पाणी मागितलं, तेव्हा बाईंनी पहिल्यांदा घड्याळ पाहिलं.

बाहेर येऊन त्यांनी सवयीप्रमाणे ताट बघितलं. अर्धंच निवडलेलं. नवरा हात जोडून उभा होता. बाई त्याला म्हणाल्या, "मुलगी आहे. दोघी ठीक आहेत. उरलेला तांदूळ पुरा कर."

सासू डोळे पुसत म्हणाली, "चेडू झाला. कुलूप उघडला आणि चेडू झाला."

"कुलपानं नाही, चिमट्यानं झाली," बाई म्हणाल्या.

"चिमटो खय होतो? कुलपातच मा?"

बाईंनी हात पुसायला पंचा मागितला.

फणस तोपर्यंत चाळीनं बाहेर काढला होता. आमच्या दारात उघडलाय तर इथेच कापायचा, असं सासूचं म्हणणं, आणि तिच्यापुढे बोलण्याची कुणाची छाती नव्हती. विळीला खोबरेल लावलं, हातांना लावलं. फणस बरका निघाला, गरे लिबलिबीत, रस कोपरापर्यंत ओघळत होता. मघाशी धुण्यावरून भांडणाऱ्या दोघी एकाच ताटातून खात होत्या. बकरीला साली मिळाल्या. सासूनं केळीच्या पानावर गरे घालून बाईंपुढे ठेवले. मला वाटलं आता पान मागे लोटणार. बाईंनी क्षणभर विचार केला, म्हणाल्या, "हा तुमचा नाहीच, मुलुंडचा आहे," आणि पाच गरे खाल्ले. आठळ्या मोजून पानाच्या कडेला ठेवल्या.

मला कुणी दिलं नाही असं नाही. मीच खाल्ला नाही. आईसाठी मागायचं तोंडही मला राहिलं नव्हतं.

निघालो तेव्हा उन्हं कलली होती. गाडी कुठे वळवायची हा प्रश्न होताच, पण त्या दिवशी चाळीनं ती इतक्या आनंदात उचलली की फिरवून झाल्यावरही खाली ठेवीनात. डिकीचं झाकण जरासं वाकलं होतं, सासूच्या बसण्याचं. ते तसंच राहिलं, कधी सरळ केलं नाही.

रेल्वेच्या फाटकापाशी आलो तर फाटक बंद. मालगाडी जायची होती. बाईंनी इंजिन बंद केलं.

"केव्हापासून माहीत होतं तुला?"

"पहिली किल्ली फिरवली तेव्हापासून."

"म्हणजे अर्धा तास."

"हो."

मालगाडी आली. लांबलचक होती. मी मनात सगळं जुळवत होते. आईला काय सांगायचं, दुसरं काम कुठे बघायचं, भांडी कुणाकडे मिळतील. शेवटचा डबा गेल्यावर बाईंनी विचारलं, "त्या अर्ध्या तासात ती पोर गेली असती तर?"

मला खोटं सुचलं नाही. सुचलं असतं तर बोलले असते.

"तर मी सांगितलंच नसतं," मी म्हटलं. "कधीच."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या गाडी चालवायला बसल्या की समोरच बघायच्या, माझ्याकडे वळून अशा कधी पाहत नसत. मी कमरेची किल्ली सोडली आणि त्यांच्यापुढे धरली.

"हे काय?"

"तुम्ही काढून घेणार."

"कशाला? दुसरी ठेवू?" बाई म्हणाल्या. "तुझी चूक करून झालीय. नवी आणली तर तिची अजून व्हायची असेल. ती होऊन जायची वाट बघायला मला एवढी बाळंतपणं उरलेली नाहीत."

फाटकवाला फाटक वर घेत होता. पुढे कुणीच नव्हतं, तरी बाईंनी हॉर्न वाजवला. मी किल्ली कमरेला खोचली, वर पदर घट्ट केला, आणि मला सकाळपासून पहिल्यांदा भूक लागली.